चिडीच्या पंखांचा चैत्र

परवा व्हिडिओ कॉलवर अन्वी बोलता बोलता नखं रंगवत होती. बाटली उघडी, ब्रश हातात, आणि ईशान तिच्या खांद्यावरून डोकावून मला खिडकीबाहेरचा बर्फ दाखवत होता. फोनमधून वास येत नाही हे मलाही ठाऊक आहे. तरीही तो आला. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा गोड, आणि त्या गोडव्याच्या मागोमाग नाकाला झोंबणारा. मी म्हटलं, आपण उद्या बोलू. तुम्हाला वाटलं, आजी दमली. दमले नव्हते. इकडे चैत्र लागला होता, आणि तो वास माझ्या चैत्राचा आहे.

देवासचा चैत्र तुम्ही पाहिलेला नाही. तुम्ही येता ते नाताळच्या सुटीत. चैत्रात गहू कापून झालेला असतो. शेतांत नुसते पिवळे खुंट. मळणीचा भुसा वाऱ्याबरोबर गावात शिरतो आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. देवीच्या टेकरीवर नवरात्राची गर्दी, पायऱ्या चढणाऱ्यांच्या जयजयकाराचे तुकडे आमच्या अंगणापर्यंत येतात. हवा इतकी कोरडी की चादर झटकली तर चटचट आवाज होतो. घरोघर चैत्रगौर बसते, आंब्याची डाळ वाटली जाते, पन्ह्यात वेलदोडा पडतो, भिजवलेल्या हरभऱ्यांनी बायकांच्या ओट्या भरतात. धारला माझ्या माहेरीही हेच, फक्त तिथे पन्ह्यात केशर जरा जास्त. या सगळ्यात माझ्यापुरता तो एक वास अधिकचा: विमानाच्या पंखांना लावायच्या डोपचा.

डोप हे एक पातळ लुकण. कापडावर फासलं की सुकताना कापडाला आकसवतं आणि ढोलकीसारखं ताठ करतं. अन्वीच्या नेलपॉलिशमध्ये जे उडून जाणारं द्रव्य असतं, त्याच जातीचं त्यात असे. आता ईशान विचारील, विमानाला कापडाचे पंख कसे? होते. लहान, दोन माणसांच्या विमानाचे असत. आत लाकडी फासळ्या, वरून घट्ट विणीचं सुती कापड, त्यावर डोपचे थरावर थर. गावाबाहेरच्या हवाई पट्टीवर तेव्हा उडायला शिकवणारा एक क्लब होता, तुमचे आजोबा तिथे इंजिनियर होते, आणि क्लबाच्या त्या विमानाला सगळं गाव चिडी म्हणायचं. चिडी म्हणजे माळव्यात चिमणी. ती टेकरीला वळसा घालून परत यायची तेव्हा शाळेतली पोरं वर्गातून बाहेर धावायची आणि मास्तरही त्यांच्यामागून.

या चैत्रात, पाडव्यापासून चौथ्या दिवशी, गेंदालालजी आमच्या दारात येऊन उभे राहिले. गेंदालालजी म्हणजे क्लबाचे मिस्त्री. ऐंशीच्या घरात आहेत. पाठ वाकली आहे, पण हात अजून तसेच: रुंद, आणि बोटांच्या पेरांवर जुन्या काळ्या रेषा. मी पन्हं दिलं. त्यांनी पेला हातात धरला, प्याले नाहीत.

"बाईसाब, चिडी ने काटी देगा."

चिडीला कापून टाकणार, हे मला कळायला थोडा वेळ लागला. हवाई पट्टी एका नव्या कंपनीने घेतली आहे. त्यांची चकचकीत विमानं यायची आहेत. जुना हँगर रिकामा करायचा आहे. चिडी कितीतरी वर्षं तिथेच कोपऱ्यात उभी होती. एक टायर बसलेला, इंजिनात साळुंक्यांची घरटी. भंगारवाला ठरला होता. गॅसकटर घेऊन येणार आणि एका सकाळीत तुकडे करून नेणार.

"मग आता?" मी म्हटलं. "उडणार तर नाहीच ती."

"उड़े नी उड़े. काटवा नी दूँगा. खोलूँगा." आणि मग हिंदीत, मला नीट समजावं म्हणून, "जो जोड़ा है वो उलटे नंबर से खुलता है, बाईसाब. हर पेच मेरे को मालूम है. काट दिया तो मतलब किसी को मालूम ही नहीं था कि ये जुड़ा कैसे था."

हे नुसतं हळवेपण नव्हतं. तुम्हाला ते कळावं म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. विमानाची दुरुस्ती झाली की ते उडायला मोकळं आहे असं लिहून कुणीतरी सही करावी लागते. त्या सहीशिवाय ते जागचं हलत नाही. ती सही फक्त परवाना असलेल्या माणसाची चालते, आणि परवान्याची परीक्षा इंग्रजीत होती. गेंदालालजी हिंदी चौथी शिकलेले. जन्मभर त्यांनी चिडी उघडली, जोडली, तिच्या पोटात शिरून तारा ओढल्या. आणि जन्मभर सही दुसऱ्याची झाली, पुष्कळदा तुमच्या आजोबांची. हे विमान मला येतं, असं म्हणणारा एकही कागद त्यांच्याजवळ नाही. आता शेवटची संधी होती, ती उघडून दाखवण्याची. म्हणून ते आले होते, आणि माझ्याचकडे का आले होते तेही मला आतून ठाऊक होतं.

ती गोष्ट फार जुन्या एका चैत्रातली. माझ्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. चिडीचं कापड जुनं झालं होतं, नवं चढवायचं होतं, आणि ते काम चैत्र-वैशाखातच होतं. हवेत ओल असली की डोपवर पांढरट साय धरते आणि सगळं खरवडून काढावं लागतं. म्हणजे पावसाच्या आत. दिल्लीहून तपासनीस यायचा दिवस ठरलेला. त्याने नापास केलं तर चिडी पावसाळाभर उभी राहणार आणि क्लबातल्या मुलांचं वर्ष जाणार. आणि नेमके तुमचे आजोबा काविळीने अंथरुणाला खिळले. कापड शिवणारा कारागीर महूहून यायचा, त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं.

उरले गेंदालालजी, एक इंग्रजी पुस्तक आणि मी.

पुस्तक म्हणजे त्या विमानाची पोथीच. कुठली गाठ कशी मारायची, दोन टाक्यांत किती अंतर, सगळं त्यात. ह्यांनी पलंगावरून सांगितलं, "तू वाच, गेंदालाल करील." मी इंग्रजीत एम.ए. झालेली, मोठ्या मोठ्या कवींवर निबंध लिहून आलेली. आणि हँगरच्या पत्र्याखाली स्टुलावर बसून मी वाचू लागले की सुताला मेण कसं लावावं. वाचायचं, हिंदीत सांगायचं. गेंदालालजी ऐकायचे, मान डोलवायचे. कधी मध्येच म्हणायचे, "ये किताब वाले ने खुद सिया नी कभी." आणि पुस्तकात होतं त्याहून सोपं काहीतरी करून दाखवायचे. दोन पानं पुढे गेल्यावर पुस्तकातच खाली बारीक अक्षरांत तेच लिहिलेलं सापडायचं.

शिवायला माझ्या सासूबाई आल्या. त्यांना सगळे माईसाहेब म्हणत. दरबारच्या जुन्या घराण्यातल्या. नऊवारी, डोक्यावरून पदर, आणि शिवण अशी की टाका शोधावा लागे. हँगरमध्ये बायकांनी जायची रीत नव्हती, पण मुलगा आजारी आणि त्याची नोकरी टांगलेली म्हटल्यावर त्यांनी रीत गुंडाळून ठेवली. टांग्यातून उतरल्या, चिडीकडे पाहिलं, म्हणाल्या, "एवढीशी? मला वाटलं मोटारीएवढी तरी असेल."

पंख विमानापासून सोडवून लाकडी घोडीवर उभा करून ठेवत. जाड पुस्तक कडेवर उभं करावं तसा. एका अंगाला माईसाहेब, दुसऱ्या अंगाला मी. हातभर लांब सुई. त्या तिकडून खुपसायच्या, फासळीच्या कडेने पंखाच्या पोटातून माझ्याकडे टोक निघायचं. मी ओढायची, गाठ मारायची, पलीकडच्या छिद्रातून परत पाठवायची. मध्ये कापडाच्या दोन भिंती. एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. दिसायचं ते फक्त सुईचं टोक, आणि कापडामागे त्यांची सावली.

घरात त्या आणि मी फारसं बोलत नसू. मी इंग्रजी बोलणारी सून. त्यांना वाटे मी हसत असेन मनातल्या मनात. मला वाटे त्या रागावल्या असतील. पंखाच्या आडून मात्र त्या बोलू लागल्या. सुई येई आणि तिच्या मागून आवाज येई.

"तुझ्या आईनं तुला शिवण शिकवलं नाही का गं?"

"शिकवलं, पण मी पळून जायची."

"कुठं?"

"गच्चीवर. वाचायला."

सुई परत गेली. थोड्या वेळाने पलीकडून, "मीसुद्धा पळायची. झाडावर. ओढ आता, सैल सोडू नकोस." मी ओढलं. कापडामागच्या त्या सावलीला मी हसले, आणि सावलीही हलली. मला त्या आवडायला लागल्या त्या तिथे, चेहरा न दिसता. आता आपण फोनवर बोलतो आणि मधेच चित्र थिजतं, नुसता आवाज येत राहतो, तेव्हा मला पंख आठवतो.

चूक झाली ती पहिल्याच दिवशी, आणि तीही अगदी आमच्याच हातून व्हावी अशी. पुस्तकात होतं की कापडावर तेल, मळ किंवा कुठलाही बाहेरचा पदार्थ असता कामा नये. सकाळी मीच ते मोठ्याने वाचलं, हिंदीत सांगितलं. गेंदालालजींनी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले. मग कापड पंखावर ताणून धरलं, सुईत दोरा ओवला, आणि माईसाहेबांनी कमरेचा करंडा काढून कापडाच्या कडांना ठिकठिकाणी कुंकवाची बोटं लावली. नव्या कोऱ्या कापडाला सुई लावायची तर आधी कुंकू. त्यांच्या घरात परकर शिवायचा असला तरी चुकत नसे. गेंदालालजींनी चपला काढून हात जोडले. मीही जोडले, पुस्तक काखेत धरून. कुंकू बाहेरचं आहे असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

डोपचा पहिला थर लावला. तो गोड वास हँगरभर झाला, माईसाहेबांनी पदर नाकाला लावला. कापड सुकता सुकता ताठ होत गेलं. टिचकी मारली की टण्ण वाजे. दुसऱ्या थराला केशरी ठिपके वर आले. तिसऱ्या थराला ते पसरले. मग सगळ्यावर चंदेरी रंग चढवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चंदेरीतूनही, पंखाच्या बुडाशी, कलमी आंब्याच्या देठाजवळ असते तशी लाली फुटलेली.

गेंदालालजींनी लालीवरून बोट फिरवून पाहिलं. मग अतिशय गंभीरपणे मला म्हणाले, "बाईसाब, देखो तो, किताब में कुंकू का कुछ लिखा है?"

मी खरोखरच अनुक्रमणिका उघडली. आणि माईसाहेब, ज्यांना मी कधी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, त्या घोडीला धरून हसायला लागल्या.

तपासनीस आला त्या दिवशी हसू नव्हतं. बारीक अंगाचा माणूस, कोरड्या चैत्रातही हातात छत्री. ह्यांना पहिल्यांदाच उठवून आणलं होतं. डोळे अजून पिवळे, शर्ट अंगात झुलतोय. तपासनिसाने अंगठ्याने कापड दाबलं, टाके मोजले, भिंग लावलं. मग लालीवर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं, हे काय? मी इंग्रजीतच सांगितलं, कुंकू आहे, माझ्या सासूबाईंनी लावलं आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. विचारलं, शिवण्याआधी की नंतर? आधी. मग तो पुन्हा वाकला, नख लावून पाहिलं, डोप नीट धरलं आहे की नाही ते पाहिलं, आणि कागदावर लिहिलं: डाग आहे, मजबुतीला बाध नाही. माईसाहेबांनी मला हळूच विचारलं, "काय लिहिलंन?" मी म्हटलं, "पास." त्यांनी लगेच टेकरीच्या दिशेने हात जोडले.

मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला. हे काम कुणाच्या देखरेखीखाली झालं?

तीन आठवडे ह्यांनी हँगर पाहिलेला नव्हता. प्रत्येक फासळी गेंदालालजींनी तपासली होती, पंख परत जोडताना प्रत्येक बोल्ट त्यांनी आवळला होता. ह्यांनी क्षणभर जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या." नियमाने तेच उत्तर चालणार होतं, दुसरं दिलं असतं तर चिडी उभी राहिली असती आणि गेंदालालजींचीही नोकरी गेली असती. हे सगळं मला समजत होतं. पण कुंकवाचं खरं सांगायला ज्या इंग्रजीने मला वाचा दिली, तीच इंग्रजी घेऊन मी तिथे मुकाट उभी राहिले. शाई भरून पेन आणून दिलं ते गेंदालालजींनी.

तुमचे आजोबा पुढे आयुष्यभर घरात म्हणत, "सही माझी, हात गेंदालालचे." घरात म्हणत. बाहेर म्हणायची सोय नव्हती.

त्याच संध्याकाळी मी गेंदालालजींना म्हटलं, परीक्षेपुरती इंग्रजी मी तुम्हाला शिकवते. पुढच्या चैत्रापर्यंत तयारी होईल. त्यांनी खरंच वही आणली, खाकी पुठ्ठ्याची. तीन वेळा आले. पहिल्या दिवशी आम्ही मुळाक्षरं काढली. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी माझं हळदीकुंकू होतं आणि मी दारातूनच सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. मग मला दिवस राहिले, मग तुमचा बाबा झाला, आणि पुढचा चैत्र त्याच्या दुपट्यांत गेला. गेंदालालजींनी पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही नाही. कुणी आपल्याला आठवण करून देत नाही तेव्हा विसरणं फार सोपं जातं.

आणि या चैत्रात ते पन्ह्याचा पेला धरून बसले होते आणि मला विचारत होते, "अर्जी अंग्रेजी में लिख दोगे, बाईसाब? कंपनी वाले अंग्रेजी जल्दी पढ़ते हैं."

तीन खर्डे केले मी. शेवटी एक पान राहिलं. त्यात मी स्पष्ट लिहिलं की हे विमान कुणाला येतं, आणि त्या चैत्रात ते काम खरोखर कुणी केलं. ह्यांच्या फोटोकडे पाहून घेतलं. ह्यांची हरकत नसावी.

दोन दिवसांनी कंपनीच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. "आँटी, कबाड़ के लिए इतनी अच्छी अर्जी हमारे यहाँ पहली बार आई है." चार दिवस दिले. पाचव्या दिवशी हँगर रिकामा हवा.

भंगारवाले जाकिरभाई इंदूरचे. पोट सुटलेले, गळ्यात रुमाल, बोलण्यात साखर. मी खुर्ची टाकून बसले तर म्हणाले, "अम्माजी, मेरे को क्या, तुलेगा तो उतना ही. पर ये भिया चार दिन में खोल लेंगे? मेरे लड़के एक घंटे में निपटा दें."

गेंदालालजी म्हणाले, "थारा लड़का ने बोल, पेला हाथ धोई ने आवे." पेला म्हणजे आधी; आधी हात धुऊन यायचं.

आणि पहिल्या दिवशी तर नुसता नाकावरचा पंखा आणि इंजिन उतरलं. जाकिरभाई घड्याळ बघत होते. गेंदालालजी स्वतः चढू शकत नव्हते. स्टुलावर बसून काठीने दाखवत. "वो नहीं. उसके नीचे. हाँ. आधा घुमा, रुक. अब पीछे वाला आधा." कटर चालवणारा पहिलवानासारखा माणूस, सुरुवातीला कुरकुरत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने एक झाकण काढलं आणि आत गेंदालालजींनी सांगितलेलीच तार, सांगितलेल्याच कप्पीवरून गेलेली दिसली. तो वळून म्हणाला, "उस्ताद, बिना देखे?" त्यानंतर कुरकुर थांबली. सेव-परमलचा, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांचा, पुडा आला, चहा आला. जाकिरभाई माझ्याशेजारी येऊन बसले आणि हळूच विचारलं, "ये इंजीनियर थे क्या?"

मी म्हटलं, "हो."

नवं कापड पुढे आणखी दोनदा चढलं होतं, तेही पंख न उतरवता, जागेवरच. आमच्या हातचं, लाली फुटलेलं, केव्हाच फाडून टाकलं गेलं; त्याचा एक तुकडासुद्धा कुणी जपला नाही. तेव्हा असं काही सुचत नाही. आताचं कापड उंदरांनी कुरतडलेलं, त्यातून फासळ्या दिसत होत्या, बारीक, सारख्या अंतरावर. बाहेर उन्हात चिमण्यांचं आपलं चाललं होतं. दूरवर टेकरी, तिच्या पायथ्याशी नवी उंच घरं. चिडी वळसा घालायची ती हवा तशीच आहे. आता तिच्यात मोबाइलचे मनोरे आहेत.

तिसऱ्या दिवशी डाव्या पंखाचा मागचा बोल्ट अडला. तेल सोडलं, थांबलो, ठोकलं, पुन्हा तेल. हलेना. जाकिरभाईंनी कटरवाल्याकडे पाहिलं, त्याने नळी उचलली.

"उस्ताद, एक बोल्ट के पीछे दिन गया."

"चाय पी लो पेला," गेंदालालजी म्हणाले.

चहा झाला. बोल्ट तसाच. मला त्यांच्याकडे बघवेना. इतकं उघडलं होतं, आणि आता इथे ज्वाला लागणार. ते स्टुलावरून उठले, पंखाच्या बुडाशी गेले, बोल्टवर तळहात ठेवून उभे राहिले. मग खिशातून खडू काढला आणि बोल्टच्या डोक्यालगत एक रेघ मारली.

"काटो. पण अठे से. कड़ी ने आँच नी लगे."

पंखाच्या कडीला धग न लावता फक्त बोल्टचं डोकं उडवायचं होतं. तो पहिलवान दोन्ही गुडघ्यांवर बसला आणि रेघेवरून एखादी बाई रांगोळीची रेघ काढील तशी ज्वाला फिरवली. डोकं टणकन खाली पडलं. पंख आठ हातांत सुटा आला, कुठेही न मोडता.

मी त्यांना विचारलं, "वाईट वाटलं?"

ते हसत होते. "यो म्हारा हाथ को कस्यो है, बाईसाब. वणी साल साब बीमार था न. अतरो कस्यो कि म्हारे से ज नी खुल्यो." साब आजारी होते त्या साली मीच आवळलेला, आणि इतका की माझ्याच्यानेच उघडला नाही, असं सांगताना त्यांचा चेहरा मुलगी सासरी सुखात आहे असं सांगणाऱ्या बापासारखा झाला होता.

मी तेव्हा बोलले. इतक्या वर्षांनी. "गेंदालालजी, मी तुम्हाला शिकवायचं म्हटलं होतं. शिकवलं नाही."

त्यांनी खडू खिशात टाकला. "हाँ," म्हणाले. "नी सिखायो." माफ केलं असंही म्हणाले नाहीत, काही बिघडलं नाही असंही नाही. ते बरं झालं. खोटं सांत्वन मला नको होतं आणि खरं त्यांच्याजवळ नव्हतं. मग म्हणाले, "काल जल्दी आजो. काल पूँछ है." उद्या लवकर या, उद्या शेपूट आहे.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत चिडी ट्रकवर चढली. पंख एकावर एक, मध्ये पोती, धड उभं, शेपूट आडवी. हे सगळं पीथमपूरकडे जाऊन वितळणार होतं, कुणाच्या तरी मोटारीचा भाग होणार होतं. जाकिरभाईंनी दोर आवळले. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

"रुको," गेंदालालजी म्हणाले.

त्यांनी जमिनीवर गोणपाट पसरलं आणि आपली पेटी उघडून एकेक हत्यार काढून ओळीने मांडायला लागले. मांडून झालं, मोजलं, पुन्हा मोजलं. "बारा का पाना नहीं है. इंजन बंद करो."

"उस्ताद," जाकिरभाई हात जोडून म्हणाले, "अब इसको कौन सा आसमान में जाना है?"

सगळे हसले. गेंदालालजी हसले नाहीत. "जहाज में औजार रह गया तो जहाज नहीं जाता."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आणि मग ते सगळे, ज्यांना एका तासात निपटायचं होतं ते, पाना शोधायला लागले. लाकडी घोड्यांखाली, पोत्यांत, एकमेकांच्या खिशांत. शेवटी दोर सैल करावे लागले. पहिलवान धडात शिरला आणि सीटखालच्या खोबणीत हात घालून ओरडला, "मिल गया!" गेंदालालजींनी पाना फडक्याने पुसला, ओळीत त्याच्या जागेवर ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

दोर परत आवळले गेले. ड्रायव्हर वर चढला. माल जाकिरभाईंचा, ट्रक त्यांचाच. ते त्याच्या दारापाशी उभे होते. पण ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं ते त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत.

"उस्ताद, छोड़ूँ?"

गेंदालालजी ट्रकभोवती एक फेरी मारून आले. प्रत्येक दोर ओढून पाहिला. पंखाच्या कडेवर हात फिरवला, शेपटीखाली वाकून पाहिलं, चाकांकडे पाहिलं. मग समोर येऊन, जरा बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असे उभे राहिले आणि पाठ शक्य तितकी ताठ करून, मोठ्याने म्हणाले, "देखी लियो. सब बराबर है. जावा दो."

त्यांनी हात वर केला. ट्रक हलला, हँगरच्या सावलीतून उन्हात आला आणि पट्टीच्या कडेकडेने रस्त्याकडे निघाला. जाकिरभाई त्यांच्या मोटारीकडे वळले, माणसं पाणी प्यायला गेली. मी म्हटलं, "चला, गेंदालालजी, ऊन फार आहे." त्यांनी नको म्हणून मान हलवली. हात खाली केला होता, पण नजर ट्रकवर होती. विमान जमीन सोडेपर्यंत सोडणाऱ्याने जागेवरून हलायचं नसतं, असं त्यांनी मला सांगितलं, आणि ट्रक फाटकातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.